दोन डाव्या बाह्या

कापडाला कात्री लावण्याआधी मास्तर त्यावरून तळवा फिरवत. रोज, प्रत्येक तुकड्यावर. "झोपलेल्या पोराला थोपटताय जणू," शेजारच्या मशीनवरून बायको म्हणे. "जागं झालं तर वाकडं कापलं जाईल," ते म्हणत.

दारू सुटून वर्षं लोटली होती, पण यकृत कामातून गेलं होतं. डॉक्टरांनी गोड, दाट औषध दिलं आणि दोघांना बजावलं, "रोज दोन-तीनदा पोट साफ व्हायलाच हवं. मळ साचला की आतड्यात विष तयार होतं. यकृताला ते गाळता येत नाही, मग ते डोक्यात चढतं."

दुकानाला संडास नव्हता. माप अर्धवट टाकून मास्तर चौकापलीकडे पळत आणि गिऱ्हाईक ताटकळत बसे. शाळा उघडायच्या तोंडावर गणवेशांचा ढीग लागला, तेव्हा बायकोच म्हणाली, "अहो, एवढी घाई उरकेपर्यंत राहू द्या ते औषध. जुलाब व्हावेत म्हणून कुणी औषध घेतं का!"

मास्तर हसले. त्यांनाही तेच हवं होतं.

पोट तटलं. मास्तर बसल्या जागी पेंगू लागले. विचारावं एक तर उत्तर भलतंच. एका दुपारी एक आई शर्ट घेऊन आली. "मास्तर, पोरगा डावखुरा आहे हो माझा, पण दोन्ही हात डावे नाहीत त्याचे!"

दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या होत्या. मास्तर शर्टाकडे नुसते बघत राहिले. हात लटपटत होते. बायको जवळ गेली. त्यांच्या तोंडाला कसलासा शिळा, गोडसर वास होता. ती एकाच वासाला घाबरत आली होती.

"पुन्हा सुरू केलीत ना?"

"नाही गं."

"खोटं बोलू नका. किती वर्षं तोंड लपवून फिरले मी!"

त्या रात्री ते न जेवता, न बोलता झोपले. सकाळी हलवूनही उठेनात. दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "पोट कधी साफ झालं होतं?" तिला सांगता येईना. नळीतून तेच गोड औषध घातलं, पण फार उशीर झाला होता. दारूचं कुणी नावही काढलं नाही.

तिला राहून राहून त्या भांडणाच्या दिवसाची संध्याकाळ आठवते. ती तणतणत दुकानातून निघाली, मागे वळूनही पाहिलं नाही. मास्तर मशीनवरूनच म्हणाले, "निळा दोरा संपलाय गं. सकाळी येताना दोन रिळं आण."