चिमूटभर बाळसं

चिमटीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. कारखान्याच्या कँटीनमध्ये तिनं उभं आयुष्य काढलं, आणि हे नाव तिथल्या कामगारांनी ठेवलं. कमरेइतक्या उंच पातेल्यापुढे ती पदर खोचून उभी राहायची, मिठाच्या डब्यात हात घालायची, आधी मुठीनं मीठ टाकायची आणि शेवटी तीन बोटांच्या चिमटीतून थोडंसं वरून सोडायची. मग झाकण ठेवून मोकळी. चव म्हणून कधी घ्यायची नाही. "चव बघतो तो शिकाऊ," असं ती नव्या पोरींना ठणकावून सांगायची. आणि तिचं कधी चुकलंही नाही, हीच तर पुढे सगळी रड झाली.

कँटीन सुटल्यावर ती धाकट्या भावाकडे राहायला आली. भाऊ ट्रक चालवायचा, आठवड्यातले बरेच दिवस बाहेर. भावजय शिवणकारखान्यात काजं-बटणं करायची, सकाळी जायची ती दिवेलागणीला परतायची. स्वयंपाकघर आपोआपच चिमटीबाईच्या हाती आलं, आणि स्वयंपाकघराबरोबर घरातली एकुलती एक मुलगीही. जन्मली तेव्हा इतकीशी होती म्हणून बापानं लाडानं तिला मुंगी म्हटलं. पुढे मुलगी वाढेचना, तेव्हा त्या नावातला लाड कुठल्या कुठे गेला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. मुंगीसाठी चिमटीबाई म्हणजे आत्या. आपणही तिला आता आत्याच म्हणू.

मुंगीची मूत्रपिंडं जन्मापासून अधू होती आणि वर्षागणिक आणखी थकत चालली होती. आईचं एक मूत्रपिंड तिला द्यायचं ठरलं होतं. आईच्या तपासण्या झाल्या होत्या, आई एका पायावर तयार होती. घोडं अडलं होतं ते मुंगीच्या अंगापिंडापाशी. एवढ्याशा पोटात मोठ्या माणसाचं मूत्रपिंड बसवायचं कुठे? मुलगी जरा भरू दे, वजन वाढू दे, मग बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे सगळं येऊन ठेपलं होतं मुंगीच्या जेवणावर.

आणि जेवण म्हणजे काय, तर बटाटे भरपूर पाण्यात उकळायचे, ते पाणी ओतून द्यायचं, पुन्हा उकळायचे, पुन्हा ओतायचं. दूध मोजून. प्यायचं पाणीही मोजून. केळं नाही. ताकद यावी म्हणून भातावर तेल आणि बिनमिठाचं लोणी सढळ हातानं, पण मीठ नाही. या दुखण्यात मुलांची भूक आधीच मरते, तोंडाला सदा विटका वास, त्यात हे. मुंगी घास गालात धरून बसायची. दुपारभर तसाच धरायची आणि मग खिडकीतल्या कुंडीत जाऊन थुंकून यायची. त्या कुंडीतलं रोप मात्र चांगलं फोफावलं होतं.

दवाखान्यातली आहारतज्ज्ञ तरुण होती, किडकिडीत होती. आत्याला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. "स्वतःच्या अंगावर मूठभर मांस नाही, आणि ही आम्हाला शिकवणार!" असं ती बाहेरच्या बाकावर सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली. पण ती मुलगी बोलायची नीट, समजावून.

"हिच्या पोटात पुरेसं जातच नाहीये," तिनं सांगितलं. "आपण नाकातून एक बारीक नळी घालू. रात्री झोपेत पातळ अन्न हळूहळू पोटात जाईल. दिवसा खाईल तेवढं खाऊ दे, मागे लागायला नको."

मुंगीच्या आईनं आत्याकडे पाहिलं. "ताई, घालून टाकू या का?"

"नळी?" आत्याचा आवाज चढला. "माझे हात काय झडलेत? शेकडो माणसं जेवायची माझ्या हातची. एक पोर जेवत नाही म्हणून तिच्या नाकात नळी खुपसायची?"

दिवसभर घर जिच्या जिवावर टाकायचं तिला दुखवायचं कसं, हा आईचा पेच होता. शेवटी आत्यानं पुढच्या तपासणीपर्यंतची मुदत मागून घेतली. आहारतज्ज्ञ नाराजीनंच म्हणाली, "ठीक. पण मीठ अजिबात नाही. हिच्या मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही."

"कळतं हो आम्हाला," आत्या म्हणाली.

सुरुवातीला तिनं खरंच सचोटीनं केलं. लिंबू पिळून पाहिलं, भात परतून पाहिला, बटाट्याचे ससे केले. मुंगीनं सशांचे कान खाल्ले आणि बाकीचे ससे तसेच बसून राहिले. आत्या चिडायची, मुंगीचं नाक दाबून घास कोंबायची, मुंगी ओकायची, मग दोघीही रडायच्या. आयुष्यात पहिल्यांदा आत्याच्या हातचं ताट भरलेलं परत जात होतं, आणि ते तिच्या जिव्हारी लागत होतं. मुंगीच्या वजनाची काळजी तिला होती, नाही असं नाही. पण त्या काळजीत स्वतःच्या हाताची घमेंड किती कालवलेली होती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

एका दुपारी ती स्वतःसाठी केलेला बटाटा खात होती. मुंगी जवळ आली आणि ताटाकडे बघत राहिली. "मला तुझ्यातला दे ना."

आत्यानं एक फोड दिली. मुंगीनं ती चावली, गिळली आणि पुन्हा हात पुढे केला. आत्याला भरून आलं. तिच्या हातचं कुणीतरी मागून खात होतं! तिनं मुंगीच्या वाटीतल्या बिनचवीच्या फोडींवर चिमटीतून मीठ सोडलं. मुंगीनं वाटी चाटूनपुसून साफ केली.

"आईला सांगायचं नाही हं."

मुंगीनं मान हलवली.

एवढ्याशा चिमटीनं काय आभाळ कोसळणार आहे, असं आत्यानं स्वतःला समजावलं, आणि रोज समजावलं. चिमटी हळूहळू सैल होत गेली. मुंगीला तहान लागायला लागली. ती न्हाणीघरातल्या नळाला तोंड लावून पाणी प्यायची. आत्यानं ते पाहिलं आणि अन्न अंगी लागतंय म्हणून तहान लागतेय, असा सोयीचा अर्थ काढला. मुंगीचं डोकं दुखायचं, तर ती शाळेची टाळाटाळ ठरली. आणि खरोखरच मुंगीचे गाल वर आले! बोटं गुबगुबीत झाली. बूट पायात जाईनात.

"पाय वाढले बघ पोरीचे!" आत्या भावजयीला म्हणाली आणि आधीच्यापेक्षा मोठे, लाल बूट घेऊन आली. "बाळसं धरलंय तिनं. म्हणे नळी!"

आईनं लेकीचे गाल दोन्ही हातांत धरले. "ताई, तुमचे उपकार कसे फेडू," म्हणाली बिचारी.

तपासणीच्या दिवशी मुंगी काट्यावर उभी राहिली. वजन चांगलं वाढलं होतं. आत्यानं आहारतज्ज्ञाकडे असं पाहिलं, जणू आता तिनं उठून पाया पडावं. पण त्या मुलीच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ती मुंगीपुढे गुडघ्यावर बसली, लाल बूट काढला, मोजा खाली ओढला. मोज्याच्या रबरानं पायाभोवती खोल खाच पाडली होती. तिनं नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला.

"हे वजन नाही," ती म्हणाली. "पाणी आहे."

रक्तदाब मोजला. पुन्हा मोजला. मग डॉक्टरांना बोलावलं. सगळ्यांची एकदम धावपळ सुरू झाली.

"तिच्या जेवणात मीठ कोण घालतं?" आहारतज्ज्ञानं विचारलं.

"कुणीच नाही," आई ताडकन म्हणाली. "ताई तिचं वेगळं शिजवतात. त्यांच्यावर शंका घ्यायचं काम नाही."

आत्यानं तोंड उघडलं. बोलणारही होती कदाचित, कोण जाणे.

"मी घेतलं," मुंगी म्हणाली. "डब्यातून. चोरून." आणि ती आपल्या उघड्या पायाकडे बघत राहिली.

आईनं तिच्या पाठीत धपाटा घातला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, ती हमसून रडायला लागली. "तुझ्यासाठी मरमर मरतेय गं मी!" आत्या भिंतीला टेकून उभी होती. एक वाक्य लागलं असतं. जन्मभर अख्ख्या कँटीनला तोंडावर सुनावणाऱ्या बाईला ते एक वाक्य फुटलं नाही. एवढीशी पोर खाल्ल्या मिठाला जागली, आणि घालणारी गप्प राहिली.

मुंगीला दाखल केलं. मूत्रपिंडांत जी काही धुगधुगी होती ती त्या आजारपणात विझली, आणि मशीनवर रक्त शुद्ध करणं नशिबी आलं. अंगातलं पाणी उतरल्यावर पुन्हा वजन केलं, तर ते मुदत मागितली त्या दिवसापेक्षाही कमी भरलं. प्रत्यारोपण लांबणीवर पडलं. किती, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही.

नळी घातली. मुंगी पहिल्यांदा घाबरली, मग सवय झाली. आई रात्री अन्नाची पिशवी जोडून द्यायची आणि सकाळी काढायची. कुणी ओरडायचं नाही, कुणी नाक दाबायचं नाही. वजन हळूहळू वाढायला लागलं, खरंखुरं वजन. आत्याच्या हाताचा त्यात काही संबंध नव्हता. लाल बूट आता पायातून निघून पडायचे.

एका रविवारी आईनं मिठाचा डबा आणून आत्याच्या हातात दिला, वर एक छोटं कुलूप.

"ताई, हा तुमच्या कपाटात ठेवा. किल्ली तुमच्याजवळच असू दे. या कार्टीचा मला भरवसा नाही."

मुंगी समोरच बसली होती, गालावर नळीची चिकटपट्टी. आत्यानं डबा घेतला. कपाटात ठेवला. कुलूप लावलं. किल्ली कमरेला खोचली. आई कपडे वाळत घालायला बाहेर गेली.

"आत्या," मुंगी हळूच म्हणाली, "मी नाही सांगणार कधीच."

काहीतरी बोलायला हवं होतं, निदान गालावरून हात तरी फिरवायला हवा होता. आत्या वाकली आणि तिनं बोटं पुढे केली.

तीन बोटं जवळ येताना पाहिली, आणि मुंगीनं तोंड घट्ट मिटून घेतलं.