हेडसेट घालून केलेला नमस्कार

गेल्या रविवारी चेन्नईत, मैलापूरच्या आमच्या घरी सकाळपासून माझी नुसती धांदल चालली होती. आपल्याकडे माणसं मुलगी बघायला जातात... इथे चक्क आमच्या मुलाला बघायला येणार होती.

आमच्या निखिलचं आणि वैदेहीचं आपापसात केव्हाच ठरलंय. वैदेही तंजावरी मराठी, कित्येक पिढ्या तमिळनाडूतल्याच, घर तिरुवल्लिकेणीला. तिची आई राजी होती, अडलं होतं ते अप्पांपाशी. अप्पा म्हणजे तिचे वडील, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले.

अप्पांची अडचण अगदी सरळ होती. मुलगा शोळिंगनल्लूरच्या मोठ्या ऑफिसात जातो हे ठीक, पण तिथे जाऊन दिवसभर गेम खेळतो... ह्याला नोकरी कसं म्हणायचं? निखिल गेम टेस्टर आहे, म्हणजे नवा गेम लोकांच्या हातात जाण्याआधी स्वतः खेळून त्यातल्या चुका शोधतो. फोनवर मी आणि आमच्या ह्यांनी परोपरीने समजावलं, पण ते काही त्यांच्या गळी उतरेना. आणि अप्पा मनापासून हो म्हणाल्याशिवाय लग्न नाही, असं वैदेहीने निखिलला सांगून ठेवलेलं.

तिघंही वेळेवर आले. त्यांची मराठी जुन्या वळणाची, मधूनच तमिळ शब्द येणारी, आमची आपली पुण्याची घाईघाईची. एकमेकांना समजावं म्हणून दोन्हीकडून इतकं जपून बोलणं चाललं होतं की शेवटी आम्ही सगळे मराठी लोक इंग्रजीत बोलायला लागलो. पोहे झाले, कॉफी झाली, चेन्नईच्या उकाड्यावरही बोलून झालं.

शेवटी अप्पाच निखिलला म्हणाले, "तुम्ही करतां तरी काय, तें दाखवा पाहूं."

निखिलने ऑफिसातून व्हीआर हेडसेट घरी आणला होता. डोळ्यांवर चढवायचा, जाडजूड गॉगलसारखा, आणि दोन्ही हातांत एकेक कंट्रोलर. मी टीपॉय बाजूला सरकवला. निखिलने अप्पांच्या कपाळावरचं गंध पुसणार नाही अशा बेताने पट्टा बसवला. त्यांना आत जे दिसेल ते आम्हाला टीव्हीवर दिसणार होतं.

जुन्या बंगल्यातली एक खोली होती. कोपऱ्यातल्या टेबलावरची किल्ली उचलायची आणि दार उघडायचं, एवढाच पहिला भाग. अप्पा आधी "अय्यो" म्हणून मान वर करून छत बघत राहिले, मग झुंबराला हात लावायला गेले. वैदेहीची आई पदर तोंडाला लावून हसत होती. अप्पा खुशीत दिसत होते, माझा जीव जरा भांड्यात पडला.

मग त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबले. एकदम खाली वाकले... मला वाटलं, चक्कर आली. आमचे हे धावले. पण अप्पांनी उजव्या हाताने आमच्या फरशीला स्पर्श केला, हात डोळ्यांकडे नेला, आणि ठक्... कंट्रोलर हेडसेटवर आपटला.

"पाय लागला हो पुस्तकाला," अप्पा म्हणाले.

टीव्हीवर पाहिलं तर खरंच, त्या खोलीत जमिनीवर पुस्तकंच पुस्तकं पसरलेली. वैदेही म्हणाली, "अप्पा, तिथे पुस्तक नाहीये. आणि गेममध्ये तुम्हाला पायही नाहीत." त्यावर शांतपणे उत्तर आलं, "लागला तें कळतं की मज."

मला हसू आवरेना. निखिल मात्र हसला नाही. त्याने विचारलं, "आता पुढे जाल का?" अप्पा म्हणाले, "कसा जाऊं? किल्लीपर्यंत सगळीं पुस्तकंच. वाट ठेवलीच नाही तुम्हीं."

"खरंय," निखिल म्हणाला. "ऑफिसात आम्ही सगळे ती पुस्तकं तुडवत गेलो. कुणाच्या लक्षातच आलं नाही." आणि त्याने तिथल्या तिथे मोबाइलवर ते टिपून घेतलं.

मग अप्पांनी पुस्तकं उचलायला सुरुवात केली. एकेक उचलून शेल्फवर नीट उभं करून ठेवायचं... किल्ली राहिली बाजूला. एक पुस्तक ठेवलं की फळीतून आरपार खाली पडायचं. अप्पांनी ते पुन्हा पुन्हा ठेवून पाहिलं आणि निखिलला सांगितलं. निखिलला इतका आनंद झाला की मला कळेना, चूक सापडल्यावर एवढं खूश कोण होतं.

"म्हणजे माणूस कुठें अडतो, तें तुम्हीं आधींच शोधायचं?" अप्पांनी हेडसेटच्या आतूनच विचारलं.

"हो. तेच काम."

"सरि, सरि... बरं," अप्पा म्हणाले. "मीही जन्मभर तेंच केलं. गणित चुकलं म्हणून रागवून काय होतं? पोरगा कुठल्या पायरीला अडला, तें शोधायचं." हे सगळं ते टीव्हीकडे पाठ करून, भिंतीशी बोलत होते, आणि आम्ही कान देऊन ऐकत होतो.

हेडसेट काढला तेव्हा गंध पार फिसकटलं होतं. चष्मा शोधून लावला, निखिलला जवळ बसवून घेतलं, आणि आमच्या ह्यांना विचारलं, "पंचांग आहे काय घरीं?" वैदेही उठून सरळ बाल्कनीत गेली. रडत होती, ते मला दिसलं.

तारीख ठरेल तेव्हा ठरेल. पण तिथे नसलेल्या पुस्तकाला पाय लागला म्हणून वाकणारा माणूस आपला व्याही होणार... मला अजून काय हवं?