पितळी पाटीची कोरी बाजू

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी नावं कोरणाऱ्या अक्षरबाईंनी पितळी पाटी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने रेघा आखायला घेतल्या. साल १९५७, मतमोजणीचा दिवस. सुलट बाजूला विद्यमान सभासदांचं नाव होतं. ते पाच वर्षांपूर्वी बाईंच्या सासऱ्यांनी कोरलेलं. आता त्यांचे हात थरथरतात. दुकान सुनेच्या जिवावर चालतं, आणि कामं कमी झाली आहेत.

पाटी सकाळी विधिमंडळाच्या हेडक्लार्कनेच या सभासदसाहेबांच्या खोलीच्या दारावरून काढून आणली होती.

"साहेब पडले असं समजा. मागे नव्यांचं नाव घाला. पाचला नेतो. वेळेत झालं तर इतर नव्या सभासदांच्या एकोणतीस पाट्या तुमच्याच."

"लेखी कागद?"

"मागाहून पाठवतो हो, बाई!"

कागदाशिवाय पितळेला हत्यार लावायचं नाही, हा दुकानाचा चाळीस वर्षांचा नियम. पितळेवर कोरलेलं खोडता येत नाही.

तीनला शेजारच्या न्हाव्याचा रेडिओ बोलला: साहेब आठशे मतांनी मागे, गिरणीवस्तीच्या पेट्या बाकी.

"कोर आता," सासरे म्हणाले. "समोरचा पाटीवाला काम पळवेल."

"मामंजी, नियम तुमचाच."

"तेव्हा गिऱ्हाइकं होती माझ्याकडे!"

बाईंनी हत्याराला धार लावली. साडेतीनला परत लावली.

"एवढ्या धारेत न्हाव्याचं दुकान चालेल," सासरे पुटपुटले.

चारला फरक तीनशेवर आला. चार वीसला ऐंशीवर. रस्ता माणसांनी भरला. न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडून दारात आला. सासरे चक्क स्टुलावर चढले. चार बेचाळीसला न्हाव्याने टॉवेल हवेत उडवला.

"साहेबच! एक्केचाळीस मतांनी!"

आठ मिनिटांत हेडक्लार्क धापा टाकत हजर.

"कोरलंत?"

बाईंनी अंगठ्याने पेन्सिलीच्या रेघा पुसल्या आणि पाटी सुलटी केली. हेडक्लार्कने घड्याळ पाहिलं.

"साहेब सहाला येतायत, आणि दारावर नुसती चार भोकं आहेत!"

त्याने पाटीकडे हात नेला. बाईंनी ती आपल्याकडे ओढली.

"आधी कागद."

"आता कसला?"

"एकोणतीस पाट्यांचा."

त्याने तिथेच, उभ्याउभ्या लिहून सही केली. सासऱ्यांनी स्टुलावरून उतरून कागद दोनदा वाचला, मग बाईंनी पाटी त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी दुकान नेहमीसारखं आठला उघडणार होतं. बारा पाट्यांची पहिली खेप साडेआठला यायची होती.