दोधूचे बत्तीस दात आणि चुडामणचं लेमन

म्हसावदच्या दोधूला देवाने बत्तीस दात दिले होते, आणि तेही असे की तो हसला की समोरच्याने आपलं तोंड मिटून घ्यावं. बापड्याकडे मिरवण्याजोगं एवढंच होतं. ते त्याने तेरा वर्षांत पिऊन टाकलं.

सन चौतीसच्या सुमारास चुडामणने बाजारात गोटीच्या सोडा-बाटल्यांचं दुकान काढलं. लिंबं कोण पिळत बसणार, म्हणून त्याने मुंबईहून आंबट तेजाबाची बरणी मागवली आणि पाटी लावली : 'फॉस्फेट लेमन. हाडांस बळ, मेंदूस तरतरी.' अठरा वर्षांचा दोधू चौथी शिकलेला. पाटीवरही खोटं लिहिता येतं, हे चौथीपर्यंत शिकवत नाहीत. तो दिवसाला सहा बाटल्या रिचवू लागला. आई फुलीबाई भाकर घेऊन थेट दुकानाच्या दारात यायची.

"भाकर खाय ले रे बापा."

"तुन्ही भाकरमा काय शे, माय? लेमनमा फॉस्फेट शे!"

भाकर बैलाने खाल्ली. बैल धष्टपुष्ट झाला.

बाविसाव्या वर्षी कळसाडीच्या उखा पाटलाची सिंधू दोधूला सांगून आली. सारंगखेड्याच्या यात्रेत त्याने तिला एकदा पाहिलं होतं, तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. उखाच्या घरची एक रीत होती : होणाऱ्या जावयाने अंगणात सगळ्यांसमोर उसाचं कांडं दातांनी सोलायचं. कोयता मागितला की नारळ परत.

दोधूचे दात वर्षभर आंबलेले. गार पाणी लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. घाबरून तो चुडामणकडे गेला.

"चार बाटल्या पी, पोलाद हुई जाई," चुडामण म्हणाला.

दोधू आठ प्यायला.

अंगण भरलेलं. सिंधू दाराआड. दोधूने कांडं दातांत धरून जोर लावला. कट्‌कन आवाज झाला. "वा!" असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. मग हातावर दोन दात पडले. ऊस जसाच्या तसा.

"अजून तीस शेतस, पाव्हना, घाबरू नका," सिंधूचा काका भिला म्हणाला. अंगण फुटलं हसून.

उखाने ऊस पुसून बाजूला ठेवला. "पोर देसूत हो, पन याले पेज कोन चारी?"

दाराआडून जे खिदळणं आलं ते सिंधूचं होतं. दोधूला ते ओळखू आलं. फुलीबाईने दोन्ही दात पदराच्या गाठीत बांधून घरी आणले.

सिंधू पुढे म्हसावदलाच दिली, दोधूच्या पलीकडच्या गल्लीत. दोधूच्या उरलेल्या दातांनी एकेक करून निरोप घेतला. भाकर चावेना, म्हणून तो लेमनवरच राहू लागला. चुडामणच्या पाटीवर तीच ओळ, नव्या रंगात.

एका बाजारी सिंधू लेकीला घेऊन दुकानावरून चालली होती. दारात दोधू बाटली घेऊन बसलेला. चिमुरडी उसाचं कांडं दातांनी सोलत होती. ती थांबली.

"माय, या म्हताराना दात कोठे ग्यात?"

"पी ग्या तो, बेटा."

दोधू तेव्हा एकतीस वर्षांचा होता. सिंधू आपल्याविषयी काहीतरी बोलली म्हणून तो खुशीने हसला, जुन्या सवयीने तोंड भरून. पोर आईच्या मागे लपली.