भार नसलेला खांब

भातकुलीला माझ्या आजेसासऱ्यांच्या घरी, माडीवरच्या पडवीत, अगदी मधोमध एक सागवानी खांब उभा आहे. त्याच्यावर तुळई नाही की छप्पर नाही. आढं हातभर उरलेलं असतानाच तो संपतो. लग्नानंतर पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा पागोटं सावरत मी वळलो आणि कपाळ थेट त्याच्यावर आपटलं. या घरच्या प्रत्येक जावयाचं तिथे आपटतं, असं माझ्या बायकोनं, कौशल्येनं, मला नंतर मोठ्या अभिमानानं सांगितलं.

मी अमरावतीच्या शाळेत मास्तर. विनाकारण उभी असलेली वस्तू दिसली की मला स्वस्थ बसवत नाही. आजेसासऱ्यांना, म्हणजे किसनरावांना, मी विचारलं. ते तेव्हा सत्तरीला टेकले होते. खांबाला पाठ लावून ते म्हणाले, "जावईबापू, हा खांब माया दादाचा हाये. बसा, सांगतो."

त्यांचे दादा म्हणजे सूर्यभान. भातकुलीत या माणसाची एकच ओळख होती, की त्याचा पहिला शब्द 'नाई' असायचा. पाऊस येईल का? नाई. बैल चांगला आहे का? नाई. जेवायला बसता का? नाई. मग उठून जेवायला बसायचे. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली आणि मूलही गेलं. दुसरं लग्न करा म्हणून चार लोक सांगायला आले, त्यांनाही हेच उत्तर. नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून कोण शिकवत बसणार, असं त्यांचं म्हणणं. हा मूळचाच स्वभाव, तो जळाल्याशिवाय जायचा नाही, असं गावानं ठरवून टाकलं होतं. दुसऱ्याचा स्वभाव ठरवून टाकण्यात गावं फार तत्पर असतात.

धाकटा किसन. तेव्हा नुसता किसनच, 'राव' अजून लागायचा होता. त्याची बायको सत्यभामा तिवशाची, जिभेनं धारदार आणि कामाला वाघीण. पण धाकट्याच्या बायकोनं भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलायचं नाही, त्याच्यासमोर तोंड उघडं टाकायचं नाही, ही त्या घरचीच काय, सगळ्या पंचक्रोशीची रीत. सासू होती तोवर निरोप तिच्यामार्फत चालले. सासू गेली आणि पंचाईत झाली. किसन कपाशीच्या बैलबंड्या घेऊन महिना महिना बाहेर. घरात दोन मोठी माणसं, दोन रांगती लेकरं, चार ढोरं. भाकर वाढलेली आहे हे त्या माणसाला सांगायचं कोणी?

जुनं घर मातीचं होतं आणि ओसरीला मधोमध हा खांब होता. एका दुपारी सत्यभामाबाई पदर हनुवटीपर्यंत ओढून खांबाकडे तोंड करून म्हणाल्या, "खांबा, त्याइले सांग, भाकर थंडी होऊन राहिली."

सूर्यभानांनीही खांबाकडेच पाहिलं. "खांबा, तिले सांग, मले भूक नाई."

आणि उठून हात धुतले.

अशी सुरुवात झाली ती बारा वर्षं चालली. आधी भाकरीचं, मग गाभण गाईचं, मग पेरणीचं. लेकरं मोठी झाली तरी खांब सुटला नाही, कारण लेकराच्या तोंडी दिलेला निरोप अर्धा वाटेतच सांडतो. शिवाय खांबाला वाटेल ते बोलता येतं. "खांबा, त्याइले सांग, गड्यावर एवढं खेकसाचं नसते, तो बी मानूस हाये." "खांबा, तिले सांग, माया बायकोचा आज दिवस होता मरनाचा, म्हणून खेकसलो." हे वाक्य त्यांनी सख्ख्या भावाला कधी सांगितलं नव्हतं. त्यानंतर दरवर्षी त्या तिथीला सूर्यभानांच्या ताटात गूळ जास्त येऊ लागला.

गावानं हे पाहिलं, ऐकलं आणि सोडून दिलं. रीत कुठे मोडली होती? बाई भासऱ्याशी बोलत नव्हती, भासरा भावजयीशी बोलत नव्हता. लाकडाशी बोलायला बंदी असल्याचं कुणा शास्त्रीबुवांनाही आठवेना.

मग समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात भाऊ भाऊ आपसात लढायला उठले आणि त्यांची कपाशी विलायतेला जायची थांबली. तो मुलूख कुठे आहे हे आमच्या वऱ्हाडात कुणाला ठाऊक नव्हतं, पण तिथल्या माणसांनी आणखी पुष्कळ वर्षं लढावं म्हणून आमच्या बायका मारुतीला नारळ बोलल्या. अमरावतीच्या बाजारात बंडी उभी करायला जागा मिळेना. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या, आणि किसनचे किसनराव झाले.

राव झाल्यावर माणसाला घर लहान वाटायला लागतं. किसनरावांनी अकोल्याला एका व्यापाऱ्याची माडी पाहिली होती. विटांची, काचेच्या हंड्या टांगलेली, आणि बायकांचं माजघर भिंतीनं पार वेगळं केलेलं. त्यांनी तेच मनावर घेतलं. त्यात त्यांचा हेतू अगदी चांगला होता, हे मला त्यांनी तीनदा सांगितलं. बायकोनं किती दिवस भासऱ्यासमोर पदर ओढून राबायचं? आता ती मागच्या मागे राहील, अगदी मोठ्या घरच्या बायांसारखी. आणि दादांना वर स्वतंत्र खोली. कामाची बाई ताट नेऊन देईल. कुणाची कुणाला अडचण नाही.

"दादा, जुनं घर पाडतो," ते म्हणाले. "ओसरी, खांब, सगळं. चालते न?"

आता सांगा, त्या माणसानं काय म्हणायचं? खांब पाडू नको, असं म्हटलं तर कशासाठी, हे सांगावं लागतं. आणि त्याच्याशी मी बोलतो, असं तरी कसं सांगावं? मुळात ती दोघं बोलतच नव्हती. जन्मभर प्रत्येक गोष्टीला 'नाई' म्हणणारा माणूस, जिथे खरोखर म्हणायला हवं होतं तिथेच अडला.

"बरं," सूर्यभान म्हणाले.

आत चुलीपुढे सत्यभामाबाईंनी ते ऐकलं. त्यांनाही काही म्हणता येण्यासारखं नव्हतंच. नवरा सुखात ठेवतो आहे म्हणून तक्रार करणारी बाई अजून भातकुलीत जन्माला यायची होती.

पुंजाराम सुतारानं खांब काढला आणि गोठ्याच्या कडेला आडवा टाकला. माडी उभी राहिली. वास्तुशांतीला सगळा गाव जेवून गेला आणि जाताना सूर्यभानच्या स्वभावाचं कौतुक करत गेला. कारण ते बदलले होते. जेवता का? बरं. पाऊस येईल का? बरं. "पैशानं मानूस निवळते," लोक म्हणाले. किसनरावांनाही तसंच वाटलं. बायकोही घरात फार बोलेनाशी झाली, तेव्हा तिलाही मोठ्या घराची चाल आली म्हणून ते मनात सुखावले. एकाच घरात दोन माणसं मुकी होत होती आणि घरधनी त्याला शोभा म्हणत होता. हे सांगताना किसनराव स्वतःशीच हसले, आणि मला मात्र हसू आलं नाही.

त्या उन्हाळ्यात त्यांनी भावाला विचारलं, "दादा, यंदा सगळ्याच वावरात पऱ्हाटी लावतो. जवारी कायले पेराची?"

"बरं."

पूर्वीचे सूर्यभान असते तर त्या 'नाई'नं गोठ्यातली ढोरं उठून उभी राहिली असती. झालं असं, की समुद्रापलीकडच्या भावांनी मारुतीला न विचारता लढाई थांबवली होती आणि ती बातमी भातकुलीला पोचेपर्यंत कोसभर कपाशी उगवून आली होती. तिला बाजारात कुणी विचारीना. काळ्या जमिनीचा धनी त्या वर्षी ज्वारी विकत आणून खात होता.

दिवाळी झाली आणि सूर्यभान हिवतापानं पडले. ताप उतरला तरी माणूस उठेना. वैद्य काढा देत, ते म्हणत "बरं" आणि पीत. ताट येई, ते म्हणत "बरं", आणि दोन घास खाऊन भिंतीकडे तोंड करत. वैद्यानं किसनरावांना खाली नेऊन सांगितलं, की रोग आता मला सापडत नाही, माणसालाच राहायचं नसेल तर माझ्या बटव्यात त्याचं औषध नाही.

हे दाराआडून सत्यभामाबाईंनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी भर सकाळी त्या जिना चढून वर आल्या. त्या जिन्यावर त्यांचं पाऊल पहिल्यांदाच पडत होतं. किसनराव भावाच्या खाटेशी उभे होते. बायको दारात पाहून ते दचकले. तिनं पदर हनुवटीपर्यंत ओढला, खोलीभर पाहिलं. चुन्याच्या गुळगुळीत भिंती, काचेची हंडी. ज्याच्याशी बोलावं असं काही नव्हतं. मग ती नवऱ्याकडे वळली.

"खांबा," ती म्हणाली.

किसनरावांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

"खांबा, त्याइले सांग, यंदा जवारी इकत आणून खाऊन राहिलो आमी. तवा एक डाव 'नाई' म्हनले असते तं काय जीभ झडली असती?"

मग खाटेवरून, भिंतीकडूनच, आवाज आला. "खांबा, तिले सांग, इचारनाराले कपाशीबिगर काई दिसतच नोतं. कोनाले सांगू?"

"खांबा, त्याइले सांग, मले सांगाचं. दीड वरीस झालं, घरात कोनी माया संगं भांडलं नाई. मी का मेली होती?"

असं म्हणताना तिचा आवाज फुटला. नवरा तिच्यासमोर हातभर अंतरावर उभा होता, आणि ती रडते आहे हे त्याला पदराच्या हलण्यावरून कळलं.

"खांबा," सूर्यभान कूस बदलून म्हणाले, "तिले सांग, रडू नोको म्हना."

"खांबा, त्याइले सांग, मुगाची खिचडी आणून राहिली."

"नाई!" सूर्यभान खाटेवर उठून बसले. "खांबा, तिले सांग, खिचडी नाई पायजे. मी का लेकरू हाये? भाकर असन तं आन."

"आणि तुम्ही?" मी न राहवून किसनरावांना विचारलं. "तुम्ही काय म्हणालात?"

"जावईबापू, खांब काय बोलन?" ते म्हणाले. "मी उभा राह्यलो. भाकर आली, दादानं खाल्ली, ते दोघं जवारीवरून, गाईवरून, माया अकलेवरून दुपारलोक भांडले. मी मंधात उभा. तवा मले समजलं, का बारा वर्सं बाजारातून आल्यावर मी या बाईले फक्त बैलाचं पानी इचारलं. मले तं सरळ बोलाचा हक होता."

मला तिथे गलबलून आलं. मी पागोट्याच्या शेवानं कपाळ पुसल्यासारखं केलं.

आठ दिवसांत त्यांनी पुंजारामला बोलावून गोठ्याकडचा खांब माडीवरच्या पडवीत उभा करायला सांगितला. वर काय टेकवायचं, असं पुंजारामनं विचारलं. काहीच नाही, असं उत्तर मिळालं. भाव पडला तसा किसनरावांच्या डोक्यावर परिणाम झाला, ही बातमी पुंजारामनं संध्याकाळपर्यंत गावभर केली. सूर्यभान त्या खांबाशी भांडत आणखी चौदा वर्षं जगले.

ही गोष्ट ऐकली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा सत्यभामाबाई पडवीत वाती वळत बसल्या होत्या. निरोप घ्यायला म्हणून मी जिना चढलो आणि पायरीवरच थांबलो. किसनराव काठी टेकत आले, खांबाला हात लावून उभे राहिले.

"खांबा," ते म्हणाले, "तिले इचार, गुडघा कसा हाये आज?"

पन्नास वर्षं संसार झालेल्या, नवऱ्याला तोंडावर वाटेल ते सुनावू शकणाऱ्या त्या बाईनं डोईवरचा पदर पुढे ओढला आणि खांबाकडे पाहिलं.

"खांबा, त्याइले सांग, इचारलं तं कमी हाये."

दमणीत बसून आम्ही अमरावतीच्या वाटेला लागलो. कौशल्या शेजारी होती. लग्नाला सहा महिने झाले होते आणि तेवढ्यात मी तिला ताटात मीठ कमी आहे यापलीकडे फारसं काही सांगितलं नव्हतं. कोसभर विचार करून मी घसा खाकरला.

"ऊन लागतंय का तुला?"

तिनं घाबरून माझ्याकडे पाहिलं, आणि कपाळावर जिथे खांब लागला होता तिथे हात ठेवून ताप आहे का ते पाहिलं.