नवा कार्ड क्रमांक आणि भावजींचा फोन

मैत्रिणींनो, ताईच्या परवानगीनेच लिहिते आहे.

नवऱ्याचे घर सोडताच ताईने त्याच्या हाती राहिलेले आपले क्रेडिट कार्ड बंद केले. नवे कार्ड आल्यावर तिच्या हिशेबाच्या ॲपमध्ये नवा क्रमांक काल मीच भरला. पहिला खर्चही नोंदवला: पाण्याचा टँकर, बीड बायपास, सोसायटीच्या नावासह. काम नीटनेटके झाल्याचे समाधान वाटले.

ताईच्याच खात्याने तेच ॲप तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे भावजींच्या, फोनवरही सुरू होते, हे मी विसरले.

आज सकाळी ते त्या नोंदीतल्या पत्त्यावर आले. केसांना धरून त्यांनी ताईला जिन्यावरून खाली फरफटत नेले आणि तिचे तोंड कठड्यावर आपटले. खाली बायका टँकरवर पाणी भरत होत्या. शेजारच्या कडूबाई मावशींनी भरली कळशी भावजींच्या गुडघ्यावर हाणली.

"एवढ्या टंचाईत पाणी सांडायला लावलंस व्हय रे, मेल्या!"

ते लंगडत पळाले.

पोलीस ठाण्यातून परतल्यावर ताईने सुजलेल्या ओठांनी एवढेच विचारले, "त्याला त्या ॲपमधून काढलंस ना गं?"

काढले. तुमचा हिशेब आणखी कोणाच्या फोनवर उघडतो, हे आजच पाहाल का?