दळलेल्या हाकांचं गाव

माझी पहिली कादंबरी मी सातवीत असताना लिहिली आणि ती चांगली होती. मी तिला पोरवयातला खटाटोप म्हणावं, अशी लोकांची अपेक्षा असते. मी म्हणणार नाही.

तिच्यातली मुलगी माझ्याच वयाची. डोंगराआड तिला एक गाव सापडतं. तिथं बैल बोलतात, कणगी कधी रिकामी होत नाही, कुणाच्या पायात काटा रुतत नाही. पण त्या गावच्या जात्यात ज्वारी नसते. बाहेरून आलेल्या मुलींना त्यांच्या आयांनी मारलेल्या हाका त्यात दळतात आणि त्या पिठावर सारं गाव पोसतं. तिथं राहिलेल्या मुलीला हळूहळू आईचा आवाजच आठवेनासा होतो.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा एक-दोन वर्षं झाली असतील. आमचा बंजाऱ्यांचा तांडा महागावच्या बाजूला. पूर्वी बैलांवर मीठ-धान्य वाहणारे आम्ही आता कापूस पेरत होतो. तांड्यात सातवी झालेली मुलगी मी एकटीच. पुढची शाळा पुसदला, आणि बांनी, म्हणजे वडिलांनी, माझ्यासाठी सोयरीक बघायला घेतलेली. मी भांडले, जेवणावर रुसले. शेवटी ते वैतागून म्हणाले, "शाळेनं काय देल्लं तुले, ते साऱ्यायले दाखव. मंग पाहू." घरात आम्ही गोरबोली बोलायचो, ते बोलणं इथं वऱ्हाडीत लिहिते.

उन्हं कलल्यावर नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, दारातल्या निंबाखाली सगळे जमले. मी माझी कादंबरी शाळेतल्या शुद्ध मराठीत वाचू लागले. दोन पानं होतात न होतात तोच माणसांनी बिड्या पेटवल्या. एकजण तर चक्क घोरायला लागला. बा जमिनीकडे बघत बसले होते. माझी सोयरीक तिथंच पक्की झाली, असं मला वाटलं.

मागून याडी, माझी आई, ओरडली, "आपल्या बोलीत सांग न बाई! हे कोनाले समजून राह्यलं?"

मी कागद खाली ठेवले आणि गोरबोलीत सांगायला लागले. बिड्या हातातच विझल्या. मुलगी घर सोडते तिथं मी पोचले. ती आईला "येते" म्हणाली आणि निघाली.

"थांब!" काकू उभी राहिली. "अशीच निघाली? ढावलो नाही, काई नाही?"

आमच्याकडे मुलगी घर सोडते ती बायकांच्या गळ्यात पडून, रडत गात. त्या गाण्याला ढावलो म्हणतात. पण शाळेच्या पुस्तकांतल्या मुली नुसत्या "येते" म्हणायच्या, म्हणून माझीही तशीच निघाली होती. काकूला ते मुळीच चालेना. तिनं सूर धरला, मग साऱ्याच बायकांनी धरला, आणि कागदावरच्या एका पोरीसाठी त्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. आधी मला राग आला, माझी गोष्ट अडवली म्हणून. मग अंगावर काटा आला. माझ्या पोरीला त्यांनी तांड्याची लेक मानलं होतं.

त्यानंतर गोष्ट नुसती धावली. मी जात्यापाशी आले. मुलगी खुंट्याला हात घालते, तर पिठातून तिला तिच्याच आईचा ढावलो ऐकू येतो. हे मी लिहिलेलं नव्हतं, तिथल्या तिथं सुचलं.

तेवढ्यात नाल्यापलीकडच्या तांड्यातल्या बायका धापा टाकत आल्या. ढावलो ऐकून त्या हातातलं काम टाकून निघाल्या होत्या. पुढची म्हातारी भलतीच रागावलेली.

"कोनाची पोरगी चालली? आमाले सांगतलं नाही काहून?"

काकू पदरात तोंड दाबून हसत होती. मी बांकडे पाहिलं. ते उठले, त्यांनी पागोटं नीट केलं.

"माही," ते म्हणाले. "पुसदले चालली. शिकाले."

माझी मान त्या दिवशी जी ताठ झाली, ती अजून वाकलेली नाही. बांनी म्हातारीला बसायला जागा करून दिली आणि मलाच दटावलं, "तू काहून थांबली? सांग न, पोरीनं जातं बंद केलं का नाही?"